खुर्च्या मोजल्या, आता हवाही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातली नाट्यगृहे आणि सभागृहे निम्म्या आसनक्षमतेने उघडत आहेत. करोनामुळे मार्च २०२० मध्ये पडलेला पडदा नोव्हेंबर २०२० मध्ये एकदा वर गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा खाली आला. गायक-वादक, ध्वनिसंयोजक, रंगमंच कामगार, बुकिंग क्लार्क, डोअरकीपर, अगदी मध्यंतरात वडे तळणारे आचारीसुद्धा या दिवसाची वाट पाहत होते. पडदा तिसऱ्यांदा पडू नये एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. आमचे म्हणणे असे की, पन्नास टक्क्यांचा नियम खुर्च्या मोजतो आणि हवा मोजत नाही. मैफलीत मात्र धोका हवेतूनच येतो.

आधी खुर्च्यांचा हिशेब. नाट्यगृहातली खुर्ची साधारण २१ इंच रुंद असते आणि दोन रांगांमध्ये सुमारे तीन फूट अंतर असते. एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवली, तर शेजारचा श्रोता साडेतीन फुटांवर येतो. पुढची रांग एका खुर्चीने सरकवून बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी केली, तर तिरका शेजारीही साडेतीन फुटांवरच बसतो. म्हणजे 'दो गज की दूरी'तले सहा फूट पन्नास टक्क्यांच्या मांडणीत कोणालाच मिळत नाहीत. ते खरोखर पाळायचे तर सुमारे सहा खुर्च्यांमागे एकच श्रोता बसवावा लागेल आणि मग मैफल करण्यात अर्थ उरत नाही. निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याचा फायदा नक्की आहे, पण तो अंतराचा नव्हे. त्याच हवेत श्वास सोडणारी माणसे निम्मी होतात, हा तो फायदा. आणि तो पदरात पडण्यासाठी सभागृहात बाहेरची हवा यावी लागते.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली इथे १० मार्च २०२० रोजी समूहगायनाचा सराव झाला. ६१ माणसे अडीच तास एका दालनात गात होती. त्यांतल्या एकाला आजाराची लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत त्याच्यासह ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. बंद जागा, मोठा आवाज आणि बराच वेळ या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या. आपल्या मैफलीतही या तिन्ही असतात. ब्रिस्टल विद्यापीठात गायकांवर झालेल्या मोजमापात असे दिसले की, सारख्याच मोठ्या आवाजात बोलणे आणि गाणे यांत बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांचा फरक थोडाच असतो. पण हळू आवाजाकडून मोठ्या आवाजाकडे गेले की त्यांचे प्रमाण वीस ते तीस पटींनी वाढते. तेव्हा गाण्याला भिण्याचे कारण नाही. सांभाळायचे ते चढ्या आवाजाला आणि कोंदट हवेला.

आता एक सभागृह डोळ्यांसमोर आणू. ८०० खुर्च्या, लांबी ३० मीटर, रुंदी २० मीटर आणि सरासरी उंची ८ मीटर. आत ४,८०० घनमीटर हवा मावते. ४०० श्रोते आले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा हवी. म्हणजे ४०० जणांना सेकंदाला ४,००० लिटर, तासाला १४,४०० घनमीटर. ताशी तीनदा सगळी हवा बदलण्याइतके हे काम आहे. प्रेक्षागृहांची वातानुकूलन यंत्रणा बहुधा याहून बरीच कमी, माणशी पावणेतीन लिटरच्या आसपास ताजी हवा धरून आखलेली असते. ८०० जणांसाठी आखलेल्या यंत्रणेत ४०० जण बसले, की माणशी वाटा साडेपाच लिटरच्या घरात जातो. दहाला तो पोचत नाही, पण निम्मी वाट चालून होते. मात्र ताज्या हवेची झडप उघडी असली, तरच.

आणि ती झडप बहुतेक ठिकाणी बंद असते! बाहेरची दमट हवा थंड करायला वीज लागते, म्हणून ऑपरेटर ती बंद ठेवतो आणि आतलीच हवा गार करून फिरवत राहतो. कधी हवा आत घेणाऱ्या जाळीवर कबुतरे येऊ नयेत म्हणून प्लायवुड ठोकलेले असते. कधी जाळीच्या शेजारीच जनरेटरचा धुराडा असतो, त्यामुळे झडप उघडली की डिझेलचा वास येतो आणि ती कायमची बंद होते. अशा बंदिस्त सभागृहात ४०० माणसे नुसती शांत बसली, तरी कार्बन डायऑक्साइड तासाला सुमारे १,५०० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांमागे इतके भाग) वाढतो. म्हणजे ४२० वरून सुरू झालेला आकडा दोन तासांत ३,४०० वर जातो. त्या वेळी श्रोता गार हवेत बसलेला असतो, त्याला काही जाणवत नाही. गारवा आणि ताजी हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निमित्ताने सर्वांच्या ध्यानात यावे.

तपासणी अवघड नाही. यंत्रणा चालू करून ताज्या हवेच्या जाळीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तिथेच रेंगाळला किंवा बाहेर फेकला गेला, तर झडप, पट्टा किंवा पंख्याच्या फिरण्याची दिशा यांतले काहीतरी चुकले आहे. मग वाऱ्याचा वेग मोजणारे छोटे यंत्र घेऊन जाळीवर नऊ ठिकाणी वेग मोजा, सरासरी काढा आणि जाळीच्या क्षेत्रफळाने गुणा. एक मीटर बाय एक मीटरच्या जाळीतून सेकंदाला दोन मीटर वेगाने हवा येत असेल, तर ती २,००० लिटर झाली. वरच्या सभागृहाला अशा दोन जाळ्या हव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे आणि हा आकडा प्रत्येक नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला तोंडपाठ हवा.

वीजबिलाची काळजी रास्त आहे, पण त्यातही हिशेब मांडता येतो. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. ४०० माणसे कमी झाली की ४० किलोवॉट, म्हणजे सुमारे ११ टन थंडाव्याचे काम वाचते. जादा ताजी हवा थंड करायला लागणारा बराचसा थंडावा यातूनच निघतो. उरलेला फरक तापमान २२ ऐवजी २५ अंशांवर ठेवून भरून काढता येईल. केंद्र सरकारने चित्रपटगृहांसाठी गेल्या वर्षी काढलेल्या सूचनांतही २४ ते ३० अंश तापमान, ४० ते ७० टक्के आर्द्रता आणि शक्य तितकी बाहेरची हवा असेच म्हटले होते.

कार्यक्रम चालू असताना हवा कशी आहे, हे सांगायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर पुरतो. तो 'एनडीआयआर', म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या प्रकारचाच घ्यावा. बाजारात स्वस्तातले काही मीटर वासावरून अंदाजाने आकडा दाखवतात. ओळखायची युक्ती सोपी आहे : हाताला सॅनिटायझर लावून हात मीटरजवळ धरा. आकडा एकदम उसळला, तर तो मीटर उपयोगाचा नाही. खरा मीटर उघड्यावर वीस मिनिटे ठेवला की ४०० ते ४५० दाखवतो. सभागृहात एक मीटर मधल्या रांगांत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा आणि दुसरा बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, कारण उष्ण हवा तिथे साठते. गार हवेच्या झोताखाली किंवा कोणाच्या तोंडासमोर ठेवला, तर आकडा फसवा येतो. माणशी १० लिटर हवा मिळत असेल, तर आकडा ९०० च्या आसपास स्थिरावतो. १,००० ओलांडला की झडप आणखी उघडावी. १,४०० झाला की सरळ मध्यंतर जाहीर करून दारे उघडावीत. हे ठरवण्याचा अधिकार आयोजकाकडे नको, व्यवस्थापकाकडे हवा. आयोजकाला रंगलेली मैफल थांबवणे जिवावर येते.

इथे संगीतातली एक खरी अडचण आहे आणि आरोग्य खात्याच्या कागदात ती कुठेच नसते. कलाकारच एसी बंद करायला सांगतात. त्यांचे चुकत नाही. गार, कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणली जाते आणि सूर चढतो, दमट हवेत तो उतरतो. तंबोऱ्याच्या तारांवर थेट झोत आला, तर जवारी (घोडीवरची नाद खुलवणारी जुळणी) कितीही सुरेख लावलेली असो, सूर हलत राहतो. ग्रीनरूममध्ये एका तापमानात लावलेली वाद्ये रंगमंचावर दुसऱ्या तापमानात आली, की पहिली दहा मिनिटे हातोडी आणि खुंट्या यांतच जातात. मग आतून आवाज येतो, 'एसी बंद करा.' एसी बंद झाला की पंखाही बंद होतो आणि हवा थांबते. म्हणून ताज्या हवेसह यंत्रणा कार्यक्रमाच्या दीड तास आधी सुरू करावी आणि तापमान एकदा ठरले की मध्ये बदलू नये. वाद्ये पाऊण तास आधी थेट रंगमंचावर आणून तिथेच लावावीत. रंगमंचावरच्या झडपेला पत्रा लावून झोत मागच्या पडद्याकडे वळवावा. आणि अगदीच वेळ आली तर गारवा बंद करावा, पंखा चालू ठेवावा. ही दोन बटणे वेगळी आहेत, हे ऑपरेटरला आणि निवेदकालाही ठाऊक असू द्या. पंख्याची घरघर माइकमध्ये येते अशी तक्रार होईल. त्यासाठी पट्टा आणि बेअरिंग दुरुस्त करावे आणि गायकाच्या माइकवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा. गाण्याचे काही बिघडत नाही.

बैठकीची मांडणीही बदलावी लागेल. नेहमी गायकाच्या मागे हातभर अंतरावर दोन तंबोरे, एका बाजूला तबला आणि दुसऱ्या बाजूला पेटी अशी मंडळी आठ बाय बारा फुटांच्या चौथऱ्यावर दाटीने बसतात. गायक सोडून बाकी सर्वांना मास्क घालता येतो, तो घालावाच. मागे बसलेला शिष्य गाण्याला साथ देणार असेल, तर त्याला तंबोरा घेऊन तिरके, सहा फुटांवर बसवावे. साथ द्यायची नसेल, तर मास्क घालून जवळ बसला तरी चालेल. चौथरा बारा बाय सोळाचा करावा. अंतर दुप्पट झाले की एकमेकांचा थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो. तबलजीला गायकाची जागा (सुरांचे बारीक वळण) ऐकू येत नाही, मग तो 'आवाज वाढवा' म्हणतो, मॉनिटर (कलाकारांना त्यांचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) वाढतो आणि शिट्टी बसते. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र छोटा मॉनिटर द्यावा आणि तो माइकच्या पाठीच्या दिशेला ठेवावा, कारण तिकडून माइक सर्वांत कमी ऐकतो. बासरीत फुंक काठावरून पुढे निघून जाते. म्हणून बासरीवादकाच्या समोर दुसरा कलाकार नको. सनईच्या तोंडाला कापड बांधण्याची सूचना कुठे कुठे ऐकू येते. त्याने नाद मरतो, आणि हवा भोकांतूनही येत असल्यामुळे हाती फारसे लागत नाही. त्यापेक्षा सनईची जागा मोकळी ठेवावी आणि पात प्रत्येकाने स्वतःचीच वापरावी. पेटीबद्दल उगाच भीती आहे. भात्यात खोलीतलीच हवा असते, वादकाचा श्वास नसतो.

माइकबद्दल कळकळीने सांगतो : माइकवर सॅनिटायझर फवारू नका. मार्च २०२० पासून असे कितीतरी माइक निकामी झाले आहेत. अल्कोहोल जाळीआडच्या स्पंजला खाते, पातळ पडद्यापर्यंत पोचते आणि कंडेन्सर माइक तर एका फवाऱ्यात जातो. साध्या डायनॅमिक माइकची जाळी फिरवून निघते. ती काढून साबणाच्या पाण्यात धुवावी, पूर्ण वाळवावी, मग बसवावी. ओली जाळी बसवली की आवाज बुजतो. दर गायकामागे एक जादा जाळी आणि एक स्पंजची टोपी ठेवावी, ओळखायला रंगीत चिकटपट्टी लावावी. धरायचा दांडा तेवढा अल्कोहोलच्या फडक्याने पुसावा, तेही फडके पिळून.

सर्वाधिक हातांतून फिरणारा माइक गायकाचा नसतोच, तो निवेदकाचा असतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, दोन मान्यवरांची मनोगते, आभार. आठ माणसे मास्क उतरवून एका माइकवर बोलतात आणि त्यात अर्धा तास जातो. त्या वेळात कार्बन डायऑक्साइड चढत असतो आणि गाणे सुरूही झालेले नसते. या काळापुरते सत्कार बंद ठेवावेत. कोणाचा मान कमी होत नाही. श्रोत्याच्या वाट्याला आलेला सुरक्षित वेळ गाण्यालाच मिळाला पाहिजे.

अर्धे रिकामे सभागृह वेगळे वाजते, हे ध्वनिसंयोजकांनी लक्षात ठेवावे. माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. लाकडी किंवा प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्च्या तो परत फेकतात. घुमारा वाढतो, २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा गढूळ होतो, शब्द कळेनासे होतात आणि मग आवाज वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, तो पट्टा थोडा उतरवा. भरल्या सभागृहाच्या जुन्या खुणांवर मिक्सर ठेवून चालणार नाही. आवाज बेताचा असेल तर श्रोतेही आपसात मोठ्याने बोलत नाहीत, हा दुसरा फायदा. बाल्कनी बंद ठेवून सगळ्यांना खाली दाटीने बसवण्यापेक्षा विखरून बसवलेले हवेलाही बरे आणि नादालाही.

तिकीट खिडकीवरच्या प्लॅनविषयी थोडेसे. एकाआड एक खुर्चीचा प्लॅन लावला की चौघांचे कुटुंब चार तुकड्यांत बसते आणि दिवे मंद झाले की ते एकमेकांजवळ सरकते. मग ना नियम उरतो ना नोंद. त्यापेक्षा दोन खुर्च्या भरलेल्या, दोन रिकाम्या आणि पुढच्या रांगेत त्याच्या उलट असा प्लॅन ठेवावा. टक्केवारी तीच राहते, पण एका घरातली माणसे शेजारी बसतात आणि जागा सोडत नाहीत. रिकाम्या खुर्च्यांवर नुसता कागद चिकटवून भागत नाही, बैठक दोरीने बांधून टाकावी. गायकाच्या समोरच्या पहिल्या दोन रांगा मोकळ्या सोडाव्यात. नेहमी त्या पासवाल्यांच्या असतात, त्यामुळे विरोध होईल, पण त्यावर ठाम राहावे.

जर्मनीत लाइपझिग इथे २२ ऑगस्ट २०२० रोजी हॅले विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १,४०० स्वयंसेवकांना बोलावून मैफलीचाच प्रयोग केला. प्रत्येकाच्या गळ्यात संपर्क मोजणारे यंत्र होते. कार्यक्रम चालू असतानापेक्षा जवळचे संपर्क अधिक आले ते आत शिरताना आणि मध्यंतरात. हवा खेळती नसेल, तर धोक्यात येणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते, हेही त्यांच्या गणितातून पुढे आले. आपल्याकडे तीन घंटांची पद्धत आहे, तिचाच वापर करावा. पहिल्या घंटेला दारापासून लांबच्या रांगा, दुसरीला मधल्या, तिसरीला दारालगतच्या. असे केले की बसलेल्यांच्या गुडघ्यांना घासत कोणी जात नाही. सुटताना याच्या उलट क्रम, आणि निवेदकाने रांगांची नावे घेऊन सोडावे. सगळी दारे उघडी ठेवावीत. एक दार उघडून चार बंद ठेवण्याची सवय तिकीट तपासणीच्या सोयीची आहे, हवेच्या नव्हे.

मध्यंतर शक्यतो नकोच. ७५ ते ९० मिनिटांची सलग मैफल करावी, एक मोठा ख्याल, एक मध्यलय, शेवटी भैरवी. रसिकांना चुटपुट लागेल हे मान्य. पण सर्वांचे मास्क एकाच वेळी खाली उतरतात ते चहाच्या कपासाठी आणि बटाटेवड्यासाठी. कँटीन चालवणाऱ्यांचे पोट त्यावर आहे. त्यांना आवारात, उघड्यावर, कार्यक्रमाआधी आणि नंतर टेबले मांडू द्यावीत. त्यांना अजिबात बंद ठेवणे अन्यायाचे होईल. एका दिवसात दोन खेळ करायचे तर मध्ये निदान एक तास जाऊ द्यावा. ताशी तीनदा हवा बदलत असेल, तर आधीच्या हवेचा सुमारे वीसावा भाग उरायला तेवढाच वेळ लागतो. यंत्रणा याहून मंद असेल, तर त्या प्रमाणात जास्त.

ग्रीनरूम ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. पाच बाय चार मीटरची, तीन मीटर उंच, बिनखिडकीची खोली, त्यात आठ-दहा माणसे रियाज करतात, चहा पितात, भेटायला आलेल्यांशी बोलतात. इथे घरगुती हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे) शुद्धीकरण यंत्र उत्तम काम करते. तासाला ४५० घनमीटर हवा गाळणारे यंत्र या ६० घनमीटरच्या खोलीत ताशी साडेसात वेळा हवा स्वच्छ करते. हेच यंत्र प्रेक्षागृहात ठेवले, तर ४,८०० घनमीटरच्या मानाने समुद्रात खसखस. काही ठिकाणी प्रवेशद्वारात दोन यंत्रे मांडून फोटो काढलेले दिसतात, ती उचलून आत ग्रीनरूममध्ये न्यावीत. मुख्य यंत्रणेत 'मर्व्ह १३' दर्जाची, बारीक कण अडवणारी गाळणी बसवण्याचा सल्लाही दिला जातो. सल्ला चांगला आहे, पण जुन्या पंख्याला तिचा अडथळा झेपत नाही आणि हवाच कमी येऊ लागते. आधी पंख्याची ताकद तपासा, आणि गाळणी बसवली तर तिच्या कडेने फट राहू देऊ नका. फटीतून गेलेली हवा गाळली जात नाही. माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे मात्र आता कुठेही नकोत. एप्रिल २०२० मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते अपायकारक म्हणून सांगितले आहे.

दारावरची तपासणी करावी, पण तिच्या भरवशावर राहू नये. नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट इथे या जुलैत मैदानी महोत्सवाला चाचणी किंवा लसीचा दाखला पाहून दोन दिवसांत सुमारे २०,००० लोकांना सोडले. पुढे त्यांतल्या हजारेक जणांना लागण झाल्याचे आढळले. तिथे ४० तासांपर्यंतची जुनी चाचणी चालत होती. त्याआधी २७ मार्चला बार्सिलोनात ५,००० लोकांची बंदिस्त मैफल झाली. त्याच दिवसाची चाचणी, प्रत्येकाला एफएफपी-२ (एन-९५ सारखा) मास्क आणि वाढवलेले वायुवीजन. पुढच्या दोन आठवड्यांत सहा जण बाधित आढळले, त्यांतल्या चौघांना लागण दुसरीकडे झाल्याचे निघाले. नुसत्या दाखल्यावर विसंबलेली गर्दी आणि मास्क-हवा-चाचणी एकत्र सांभाळलेली गर्दी, यांतला फरक इथे दिसतो. आपल्याकडे रोज हजारोंची चाचणी परवडणार नाही. मग लसीचे दोन डोस, चांगला मास्क आणि हवा यांवर जास्त भर द्यावा लागेल. कापडी मास्क घालून येणाऱ्याला दारात एन-९५ द्यावा आणि त्याचे पैसे तिकिटात धरावेत.

मोकळ्या मैदानावरचे महोत्सव जास्त सुरक्षित, यात शंका नाही. १९५३ पासून चालत आलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव गेल्या डिसेंबरात होऊ शकला नाही. तो आणि गावोगावचे त्याच्यासारखे महोत्सव पुन्हा व्हावेत असे प्रत्येक कानसेनाला वाटते. पण डिसेंबरातल्या थंडीत मांडवाच्या कनाती तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडतात. त्या क्षणी तो मांडव मैदान राहत नाही, बिनपंख्याचे सभागृह होते. समोरासमोरच्या दोन बाजूंच्या कनाती डोक्याच्या उंचीच्या वर गुंडाळून ठेवाव्यात आणि रसिकांना शाल-स्वेटर आणायला आधीच सांगावे.

राहिला जुन्या इमारतींचा प्रश्न. दीड वर्षातला बहुतेक काळ बंद असलेले नाट्यगृह कुलूप काढून त्याच संध्याकाळी चालू करता येत नाही. एसीच्या खालच्या पन्हाळीत पाणी साचून शेवाळ धरलेले असते, पहिल्या दिवशी तेच हवेत येते. कूलिंग टॉवर आणि पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून, धुऊन भराव्यात. साचलेल्या पाण्यात न्यूमोनियाचे जंतू वाढतात. नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. उंदरांनी केबल कुरतडलेल्या असतात. त्यामुळे अर्थिंग तुटते आणि स्पीकरमध्ये घुमघुम येते, वर विजेचा धक्का बसण्याचा धोका वेगळाच. दोन पावसाळ्यांत कंडेन्सर माइकच्या पडद्यावर बुरशी आलेली असते, आवाज चरचरतो. पडदे आणि बॅटन (दिवे-पडदे टांगायचे आडवे दांडे) ओढणाऱ्या दोऱ्या, अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख, जनरेटरची बॅटरी, सगळे पाहावे लागते. यासाठी निदान आठवडा लागतो. नवरात्र संपताच दुसऱ्याच दिवशी महापालिकांच्या नाट्यगृहांत हे काम सुरू झाले तरच २२ तारीख गाठता येईल.

भाड्याचे काय, हाही प्रश्न आहे. खुर्च्या निम्म्या झाल्या तरी साउंड, लाइट, जाहिरात, साथीदारांची बिदागी आणि नाट्यगृहाचे भाडे निम्मे होत नाही. नामवंतांची मैफल कशीबशी तगेल. तालुक्याच्या गावातले संगीत मंडळ, नवोदितांची सभा, शनिवारची छोटी बैठक यांचे गणित जमणार नाही. नगरपालिका आणि महापालिकांनी क्षमतेवर बंधन आहे तोवर भाडेही त्याच प्रमाणात घ्यावे. ते करताना एक अट जोडावी : ज्या सभागृहात माणशी १० लिटर हवा मोजून सिद्ध झाली, तिथे क्षमता वाढवायचा विचार आधी व्हावा. जिथे ताज्या हवेची सोयच नाही, तिथे पन्नास टक्केही जास्त आहेत. तिथे शंभर माणसांची बैठक करावी, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि आतली हवा बाहेर काढणारे पंखे बसवावेत.

आमची मागणी एवढीच आहे. राज्य सरकारने सूचनांमध्ये हवेचा आकडा घालावा. महापालिकांनी २२ तारखेच्या आत प्रत्येक नाट्यगृहाची ताजी हवा मोजावी. आणि तिकीट खिडकीवर, प्लॅनच्या शेजारी, एक पाटी लावावी : 'या सभागृहात माणशी मिळणारी ताजी हवा, सेकंदाला इतके लिटर. मागच्या कार्यक्रमातला सर्वांत जास्त कार्बन डायऑक्साइड, इतका.' तिकीट काढायचे की नाही, हे श्रोता ती पाटी वाचून ठरवील.

आपले,
ध्वनिसंयोजन, वातानुकूलन आणि रंगमंच-व्यवस्थेत काम करणारे काही तंत्रज्ञ,
पुणे